पिल्लाची आई कुठे आहे? गोवा विधानसभेच्या चाळीस सदस्यांना खुले पत्र

सन्माननीय आमदारांना नमस्कार.

मी डिचोलीत औषधांचे दुकान चालवतो, बावीस वर्षे झाली. दुकानात दोन कपाटे जनावरांच्या औषधांची आहेत. सुरुवातीला त्यांत गाईगुरांचीच औषधे असायची: जंतांच्या गोळ्या, कासेला लावायचे मलम, विण्याच्या वेळचे कॅल्शियम. कुत्र्यांसाठी एक खण पुरायचा. आज एक आख्खे कपाट कुत्र्यांचे झाले आहे. हे आधीच सांगतो, कारण कुत्र्यांची पिल्ले पैदा करून विकण्याच्या ज्या धंद्याबद्दल लिहितो आहे त्यातला थोडा पैसा माझ्याही गल्ल्यात पडतो, आणि ते लपवून तुम्हाला चार गोष्टी सांगणे बरे नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. चतुर्थी आठ-दहा दिवसांवर आली होती, बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान दिसू लागले होते. संध्याकाळी एक गृहस्थ आणि त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी दुकानात आली. मुलीच्या हातात आंघोळीचा टॉवेल आणि टॉवेलात लॅब्राडोरचे पिल्लू. वडिलांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. सलाईनच्या बाटल्या, उलटी थांबवायचे इंजेक्शन, अँटिबायोटिक, सुया. चिठ्ठी वाचायच्या आधीच मला वास आला होता. पार्वो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. तो झालेल्या पिल्लाच्या जुलाबाला रक्ताचा आणि कुजल्याचा मिळून एक वास असतो. एकदा नाकात गेला की माणूस तो विसरत नाही. पिल्लाच्या गळ्यात लाल सॅटिनची रिबन होती, फुलासारखी गाठ मारलेली.

"आणून किती दिवस झाले?"

"सहावा दिवस."

"लस दिली होती?"

"दिलीय म्हणाले."

"आई बघितली होती याची?"

ते गप्प राहिले. मुलगीच म्हणाली, "आई गावी असते, असं सांगितलं त्या काकांनी."

तशीच लाल रिबन मी आठवडाभर आधी याच काउंटरवर पाहिली होती. वेफर्सच्या खोक्याला भोके पाडून त्यात पाच पिल्ले घेऊन एक माणूस आला होता. त्याला जंतांचे औषध आणि कॅल्शियमच्या सहा बाटल्या हव्या होत्या. पाचही पिल्लांच्या गळ्यात रिबन. कोणाला तरी द्यायला निघाला होता, हायवेवर, पेट्रोल पंपापाशी. मी औषध दिले, पैसे घेतले, पिल्ले गोड आहेत असेही म्हणालो.

मुलीचे पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले. वडील न वापरलेल्या दोन बाटल्या परत करायला आले तेव्हा कळले. त्यांचे पिल्लासाठी बारा हजार गेले होते आणि डॉक्टर-औषधांचे वेगळे. मुलगी दोन दिवस जेवली नाही, एवढेच ते म्हणाले आणि गेले.

मला तुम्हाला या धंद्याचा हिशेब समजावून सांगायचा आहे. क्रौर्य डोळ्यांना दिसते, हिशेब दिसत नाही, आणि हिशेब तसाच राहिला तर कितीही छापे टाकले तरी पुढच्या गल्लीत तोच धंदा पुन्हा उभा राहतो.

पिल्लू आईच्या पोटातून येते तेव्हा पहिल्या दुधातून, चिकातून, त्याला आईची थोडी प्रतिकारशक्ती मिळते. ती काही आठवडे टिकते आणि हळूहळू ओसरते. म्हणून लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा देतात. बाजारात पिल्लू विकले जाते ते तीस-पस्तीस दिवसांचे, म्हणजे पहिली लस द्यायचे वयही होण्याआधी. या वयात ते खेळण्यासारखे दिसते, हातात मावते, फोटो छान येतो. विकणाऱ्याच्या बाजूने याहून मोठे कारण आहे. महिनाभरापर्यंत पिल्लू आईच्या दुधावर असते आणि त्याचा खर्च जवळपास नसतो. त्यानंतर मात्र सात पिल्ले दिवसातून चार वेळा खाऊ लागतात. आठ आठवडे थांबायचे म्हणजे हा सगळा महिना पोसायचे, वर लस, वर डॉक्टर.

आता पार्वोचा हिशेब बघा. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात. म्हणजे आजाराची लागण विकणाऱ्याच्या पिंजऱ्यात होते आणि पिल्लू मरते विकत घेणाऱ्याच्या घरात. तोवर पैसे हातचे गेलेले असतात, फोन लागत नाही, आणि लागलाच तर "तुम्ही दूध पाजलं असेल" असे उत्तर मिळते. लशीची एक मात्रा माझ्याकडे पाचशेच्या आसपास पडते. ती टोचली तर वाचणारे पैसे गिऱ्हाइकाचे आहेत, विकणाऱ्याचे नाहीत. मग तो का टोचेल? त्याच्या वहीत ते पिल्लू मेलेले नसतेच, विकलेले असते. या एका गोष्टीवर हा धंदा उभा आहे. नुकसान दुसऱ्याच्या घरी पोचवायची सोय त्याला त्या आजारानेच करून दिली आहे.

खोक्यात पिल्ले घेऊन आलेल्या त्या माणसाकडे मी गेलो होतो, हेही सांगतो. त्या कुटुंबाने बाटल्या परत केल्याच्या आठवड्यात त्याचा फोन आला. पाऊस फार आहे, गाडी बंद आहे, माल पोचवाल का? एरवी मी पोऱ्याला पाठवले असते. त्या दिवशी स्वतः गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, त्या माणसाची ओळख पटेल असेही काही लिहीत नाही. घरामागे पत्र्याचे मोठे गॅरेज होते, खनिजाचा ट्रक उभा करायला बांधलेले. ट्रक नव्हता. त्या जागी वेल्डिंगच्या जाळीचे आठ पिंजरे, जमिनीपासून हातभर वर, म्हणजे घाण खाली पडावी आणि धुवायला सोपे जावे. पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता की आम्हाला ओरडून बोलावे लागत होते. एकही कुत्री भुंकली नाही.

शेवटच्या पिंजऱ्यात एक चॉकलेटी लॅब्राडोर मादी होती. थाने लोंबलेली, एकाला जखम. ती बसत नव्हती. आधी एक पाय उचलायची, थोडा वेळ हवेत धरायची, खाली ठेवून दुसरा उचलायची. मला आधी वाटले लंगडते आहे. वाकून बघितले तेव्हा समजले, चारही पंजांची बोटे फाकलेली होती आणि जाळीच्या तारेने गाद्यांवर चौकटी उमटल्या होत्या. सपाट जमीन तिच्या पायांना माहीतच नसावी. नखे झिजायला जागा नाही म्हणून ती वळून आत आली होती. मी हात पुढे केला. तिने वास घेतला नाही, मागेही सरली नाही. कुत्रा माणसाच्या हाताचा वासही घेत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिले.

मी चिडून गेलो होतो. भांडायचेच होते. पण तो माणूस समोर उभा राहिला तेव्हा तोही थकलेला होता. त्याचे दोन ट्रक होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा एक विकला. पुन्हा सुरू झाल्या, त्याने कर्ज काढून दुसरा उभा केला, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या. "ट्रक गेलो, हप्तो उरलो," तो म्हणाला. कोणीतरी त्याला दोन माद्या देऊन सांगितले, जागा आहेच तुझ्याकडे, गॅरेज रिकामे आहे.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या खाणींच्या भागांतले आमदार हे वाचत असतील तर त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. अमेरिकेत हा धंदा असाच वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मध्य-पश्चिमेतल्या अडचणीत आलेल्या शेतकऱ्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यांत कुत्रे ठेवायला सुरुवात केली, कारण पिल्लू हे रोख पैसा देणारे पीक होते. जिथे पहिला रोजगार बुडतो तिथे रिकामी शेड आणि थकलेला हप्ता यांची अशी गाठ पडते. म्हणून नुसते "या क्रूर लोकांना आत टाका" असे मी लिहिणार नाही. त्या माणसाला तुरुंगात टाकून त्याचा हप्ता फिटणार नाही आणि त्या मादीचे पाय सरळ होणार नाहीत. पण त्याच्या हप्त्यासाठी तिने वर्षातून दोनदा विणे, हेही मला मान्य करता येत नाही. त्याच्यावर आलेली वेळ खरी आहे. ती त्याने ज्याच्या अंगावर ढकलली, त्या जिवाला "नाही" म्हणता येत नाही.

त्याच्याच तोंडून ऐकलेले आकडे मांडतो. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, गाभणपण नऊ आठवड्यांचे, एका वेताला सहा-सात पिल्ले. प्रत्येक माजाला लावली तर वर्षाला बारा-चौदा. काही दगावतात, काही दलाल कमी भावात उचलतो, तरी एका मादीमागे वर्षाला लाखाच्या आसपास हातात येतात. खायला भात आणि कोंबडीच्या दुकानातले पाय-मुंडकी. हेच नियमाने करायचे तर वर्षाला एकच वेत, आठ आठवडे पोसणे, लस, कातडीखाली बसवायची ओळखीची चिप, डॉक्टर. उत्पन्न निम्मे आणि खर्च कितीतरी पट. म्हणजे जो माणूस नीट करील तो बाजारात टिकणारच नाही. गिऱ्हाईक दोन पिल्ले शेजारी ठेवून बघते तेव्हा दोन्ही सारखीच गोंडस दिसतात, आणि एक आठ हजारांनी स्वस्त असते.

आणि या व्यवहारात दया दाखवणाराही फसतो. दुकानात कितीतरी जण सांगतात, पिल्लू फार अशक्त होते, सोडून यायला जीव झाला नाही, म्हणून घेतले. मी त्यांना दोष देत नाही, मीही कदाचित तेच केले असते. पण विकणाऱ्याला दयेचे पैसे आणि हौसेचे पैसे वेगळे कळत नाहीत. त्या अशक्त पिल्लाची किंमत मिळाली की त्याच्या आईला पुढच्या माजाला लावले जाते.

नियम नाहीत असे नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ मध्ये २६१ व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांवर नियमन हवे असे सांगितले. २०१७ मध्ये केंद्राने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम काढले. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होण्याआधी लावायची नाही, आठ वर्षांनंतर लावायची नाही. वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाही. आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकायचे नाही. २०१८ मध्ये दुकानांसाठी वेगळे नियम आले. कागदावर हे सगळे चांगले आहे. पण मूळ कायदा १९६० चा, आणि त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. माझ्या दुकानात पन्नास रुपयांत जंतांच्या औषधाची बाटलीही येत नाही.

इथे तुमचे काम सुरू होते. प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. राज्याला केंद्राच्या कायद्यात स्वतःपुरती दुरुस्ती करता येते आणि राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती लागू होते. तामिळनाडूने २०१७ मध्ये जल्लीकट्टूसाठी हाच मार्ग घेतला. ती दुरुस्ती प्राण्यांच्या हिताची होती की नव्हती यावर मतभेद आहेत, माझेही आहेत, पण वाट आहे हे त्यातून सिद्ध झाले. शिवाय जनावरांचे रोग रोखणे आणि पशुवैद्यक हे विषय राज्याच्याच सूचीत आहेत. दिल्लीची वाट बघावी लागते, हे उत्तर म्हणून पुरेसे नाही.

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात प्राण्यांच्या पैदाशीचे नियमन आणि नुकसानभरपाई यांचे विधेयक आपल्या सभागृहात आले. त्यामागे चावणाऱ्या, हिंस्र जातींच्या कुत्र्यांची भीती होती आणि ती रास्त होती, लहान मुलांचे जीव गेले आहेत. पण हिंस्र म्हणवणारे कुत्रेही अशाच कुठल्यातरी पिंजऱ्यातून येतात. महिन्याच्या आत आईपासून आणि भावंडांपासून तोडलेले पिल्लू चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकत नाही, ते शिक्षण चौथ्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी खेळताना होते. जातीवर बंदी घातली की गिऱ्हाईक दुसरी जात मागते आणि पिंजरा तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आदेश दिले, देशभर वाद झाला. रस्त्यावर कुत्रे येतात कुठून, त्यांतली किती मोठ्या हौसेने विकत आणलेली होती, हा प्रश्न त्या गोंगाटात मागेच राहिला.

आमच्याकडे त्याचे उत्तर दर जूनमध्ये दिसते. हिवाळ्यात, नाताळाच्या सुमारास, किनाऱ्यावर भाड्याने राहायला आलेली मंडळी हस्की घेतात, शिट्झू घेतात, पग घेतात. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आपल्या दमट हवेत धापांनी फारसे काही साधत नाही. बर्फातल्या जातीचे दाट केस घेऊन हस्कीने मे महिना कसा काढायचा? बसक्या नाकाच्या पगला तर श्वासच पुरत नाही. त्यात गोचिडी, त्यात गोचिडतापाची औषधे. पाऊस सुरू झाला की भाडेकरू जातात, कुत्रा राहतो. कपाटातल्या गोचिडीच्या औषधांची विक्री वाढते आणि तोंड बघून ओळखू येणारी महागडी कुत्री मासळीबाजारामागे हिंडू लागतात. त्यांना उचलायचे, नसबंदी करायची, खायला घालायचे, हा खर्च पंचायत आणि मूठभर प्राणिमित्र करतात. पिल्लाच्या किमतीत तो कधीच धरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट, आणि ही तुम्हा सर्वांच्या अभिमानाची आहे. गोव्याने रेबीजविरुद्ध जे केले ते देशात कोणाला जमले नव्हते. हातात जाळी घेऊन, वाड्यावाड्यांवर फिरून, वर्षाला पंचाण्णव हजारांच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली गेली. टोचलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करायची, फोनवर नोंद करायची, पुढच्या वाड्यावर जायचे. माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले, २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. माझ्या दुकानासमोरच्या भटक्या कुत्र्याच्या कपाळावरची खूण मी स्वतः पाहिली आहे. आता विचार करा, पत्रादेवी, दोडामार्ग, चोर्ल्याचा घाट, पोळे या सीमेवरच्या वाटांनी रात्रीच्या गाड्यांतून खोक्यात बंद होऊन पिल्ले येतात. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला देतात, ही पिल्ले एका महिन्याची. कुठून आली, आईला लस होती का, कोणी विचारत नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याच्या मागे धावून जे कमावले ते खोक्यातून गमवायचे का? आणि ज्या राज्याला भटकी कुत्री एकेक करून मोजता आली, त्याला धंद्यासाठी कोंडलेल्या माद्या मोजता येणार नाहीत, हे मला पटत नाही. आपल्या पंचायती १९१ आहेत. प्रत्येक पंचाला आपल्या प्रभागात कोणाच्या घरामागे पिंजरे आहेत हे माहीत असते.

माझी मागणी एका वाक्याची आहे. गोव्यात कुत्र्याचे पिल्लू त्याच्या आईशेजारीच विकले जावे, ती जिथे राहते तिथेच, आणि कुठेही नाही.

हायवेवर नाही, पेट्रोल पंपावर नाही, खोक्यातून नाही, दलालाच्या हातून नाही. विकत घेणाऱ्याने त्या घरी जावे, आईला पाहावे, तिचे पाय पाहावेत. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून असाच कायदा केला. सहा महिन्यांखालचे पिल्लू विकायला तिथे मध्यस्थांना मनाई आहे, पैदास करणाऱ्याकडूनच घ्यावे लागते किंवा निवाऱ्यातून दत्तक. त्या कायद्याला लोक ल्युसी या कुत्रीच्या नावाने ओळखतात. वेल्समधल्या अशाच एका पैदासखान्यातून ती २०१३ मध्ये सुटली होती. मला ही अट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिला निरीक्षकांची फौज लागत नाही. ज्या बापाने माझ्या काउंटरवर मान खाली घातली, त्याने ते गॅरेज एकदा पाहिले असते तर बारा हजार काढून दिले नसते. गिऱ्हाइकाचे डोळेच इथे तपासनीस होतात. नुसत्या परवान्यावर माझा तेवढा विश्वास नाही. अमेरिकेत परवाने आहेत, तपासणी आहे, आणि तरी तिथला केंद्रीय कायदा कुत्र्याच्या लांबीपेक्षा सहा इंच जास्त एवढ्या पिंजऱ्यावर समाधान मानतो. अशा परवान्याने पिंजरा मोठा होत नाही, फक्त कायदेशीर होतो.

याला जोडून दोन-तीन गोष्टी लागतील. मोबाइलवरच्या कोणत्याही जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि आईचा चिप क्रमांक असल्याशिवाय ती बेकायदा ठरावी. पहिले पंधरा दिवस पिल्लू पार्वो किंवा डिस्टेंपर या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाने आजारी पडले तर उपचाराचा खर्च विकणाऱ्यावर यावा. मघाशी सांगितलेला वहीतला हिशेब याने उलटा फिरेल, आणि लस टोचणे त्याच्याच फायद्याचे होईल. दंड पन्नास रुपयांवरून एका वेताच्या किमतीएवढा तरी व्हावा. आम्हा औषधवाल्यांनाही बांधून घ्या. प्रसूतीच्या कळा आणणारे इंजेक्शन चिठ्ठीशिवाय मागणारे माझ्याकडे येतात. मी देत नाही, पण "शेजारी मिळतं" असे मला ऐकवून जातात. जनावरांच्या अशा औषधांच्या विक्रीची वही तपासली जावी, माझ्यापासून सुरुवात करावी.

आणि त्या ट्रकवाल्यासारख्यांसाठी मुदत द्या. सहा महिने म्हणा. त्यात जो माद्या स्वतःहून सरकारच्या ताब्यात देईल, त्यांची नसबंदी होऊ देईल, त्याच्यावर खटला नको, आणि त्याला दुसऱ्या उद्योगाच्या कर्जासाठी प्राधान्य मिळावे. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांसाठी सरकारने योजना केल्या होत्याच. याही खेपेला माणसाला वाट दिली तर पिंजरे लवकर रिकामे होतील. मुदत संपल्यावर मात्र दया नको.

घरी एखादी मादी पाळणारे, हौसेने वर्षा-दोन वर्षांनी एक वेत घेणारे लोक यात भरडले जातील, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. अशा घरात गेलात तर आई तुमच्या आधी दारात येते. त्यांना काही लपवायचे नसते.

आणि विकत घ्यायलाच कशाला हवे, हेही मी गिऱ्हाइकांना विचारतो. आपले गावठी सुणे, म्हणजे कुत्रे, या हवेत पिढ्यान्‌पिढ्या जगले आहे, त्याला गोचिडी, ऊन, पाऊस यांची सवय आहे, भात-सुक्यावर ते वाढते. निवाऱ्यांमध्ये लस टोचलेली पिल्ले दत्तक मिळतात. पण हे मी सांगायचे आणि लोकांनी ठरवायचे. कायद्याची मागणी मी त्यासाठी करत नाही.

त्या चॉकलेटी मादीचे काय झाले हे मी दसऱ्याच्या आसपास फोन करून विचारले. "दिली एकाला," तो म्हणाला. कोणाला ते सांगितले नाही. दिवाळीनंतर बाजारात तशीच एक कुत्री दिसू लागली. तीच आहे असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण पंजे फाकलेले आहेत आणि थाने लोंबलेली. फुलवालीने तिला पोत्याचा तुकडा घातला आहे, शेवंतीच्या टोपल्यांशेजारी, म्हणून तिचे नाव शेवंती पडले. माझ्या दुकानासमोर गटारावर लोखंडी जाळी आहे. बाकीची कुत्री तिच्यावरून ये-जा करतात, ऊन असले की तिच्यावर झोपतातही. शेवंती त्या जाळीवर पाय ठेवत नाही. पलीकडे बिस्किट दाखवले तरी ती पार कोपऱ्यावरच्या फरशीपर्यंत जाते आणि तिथून वळून येते.

त्या मुलीचे पिल्लू गेल्यापासून मी काउंटरखाली एक वही ठेवली आहे. आजारी पिल्लाचे औषध घ्यायला कोणी आले की चार गोष्टी विचारून लिहितो: पिल्लाचे वय किती, किती दिवसांपूर्वी आणले, कुठे हातात मिळाले, आई पाहिली का. नावे लिहीत नाही. शेवटच्या रकान्यात मला "हो" फार क्वचित लिहायला मिळते. पुढच्या अधिवेशनाआधी तुमच्यापैकी कोणालाही ती वही बघायची असेल तर दुकान रविवार सोडून रोज रात्री नऊपर्यंत उघडे असते.

आपला,
डिचोलीतील एक औषधविक्रेता